कात्री गटाची ढाल

पहिल्या वर्षी मी ढालीला मूठ सगळ्यात शेवटी बसवली. पट्ट्यासाठी चार भोकं पाडायची होती. कर्कटकाचं टोक पुठ्ठ्यात दाबलं आणि चारातलं एक भोक नेमकं सिंहाच्या डोळ्यातून आरपार निघालं. दोन दिवस खपून रंगवलेला सिंह होता तो. ज्या मुलीनं रंगवला होता ती रडली नाही, रागावलीही नाही. तिनं ढाल उचलली, उलटी केली आणि त्या भोकाला डोळा लावून माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

तेव्हापासून आमच्याकडे आधी मूठ, मग रंग.

दर सुट्टीत आठवडाभर मी मुलांना हस्तकला शिकवते. आठ ते अकरा वर्षांची मुलं, सहा-सहा जणांचे गट आणि गटागणिक एक ढाल. प्रत्येकाची वेगळी नाही, सहा जणांत मिळून एकच. ही अट ऐकली की पहिल्या दिवशी सगळ्यांची तोंडं उतरतात. एकट्याची ढाल दोन तासांत होते. गटाच्या ढालीला पाच दिवस लागतात आणि त्यातले निदान तीन भांडणात जातात. खरं तर हा सगळा उद्योग मी त्या तीन दिवसांसाठीच करते, पण हे मुलांना सांगायचं नसतं.

‘ढालच का? तलवार का नाही?’ हा प्रश्न ठरलेला. त्यावर मी दरवर्षी काहीतरी भारदस्त उत्तर देते. खरं कारण एवढंच, की उरलेल्या पुठ्ठ्याच्या तलवारी पाच मिनिटांत आपोआप तयार होतात, त्यांना शिकवणीची गरज नसते.

तर कृती. वर्तमानपत्राचा मोठा कागद मधोमध दुमडायचा, दुमडीच्या कडेनं अर्धीच ढाल काढायची आणि कापायची. कागद उघडला की दोन्ही बाजू सारख्या. वर्षानुवर्षं पाहूनही कागद उघडायच्या त्या क्षणी मुलांच्या तोंडून निघणाऱ्या ‘ओऽऽ’चा मला कंटाळा आलेला नाही. हा झाला साचा. तो खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्यावर ठेवून दोन तुकडे कापायचे, आणि इथे लक्ष द्यायचं: एका तुकड्यात पुठ्ठ्याच्या आतल्या पन्हळी उभ्या आल्या पाहिजेत, दुसऱ्यात आडव्या. पुठ्ठा पन्हळींच्या दिशेनं चटकन मुडपतो, त्यांना आडवा वाकवायला गेलं की अडून बसतो. दोन तुकडे असे उभे-आडवे चिकटवले की एकाचा कच्चेपणा दुसरा झाकतो.

ही अक्कल माझी नाही. सीरियातल्या दुरा-युरोपस या उजाड शहराच्या उत्खननात तिसऱ्या शतकातली एक रोमन ढाल सापडली. एक मीटरहून थोडी जास्त उंच, अर्ध्या नळकांड्यासारखी बाकदार. आता ती अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. तिचं लाकूड एकसंध नाही. लाकडाच्या पातळ पट्ट्यांचे थर एकमेकांवर उभे-आडवे डकवलेले आहेत, म्हणजे आपलं प्लायवूडच. जाडी जेमतेम पाच-सहा मिलिमीटर. वर रंगात गरुड, सिंह आणि पंखवाल्या विजयदेवता. मी हे सांगितलं तेव्हा एका मुलानं हातातला पुठ्ठा नखानं उसवून आतली पन्हळ पाहिली आणि म्हणाला, ‘म्हणजे आपण रोमन पद्धतीनं करतोय.’ मी हो म्हटलं. त्याच्या आवाजात अचानक आलेली शिस्त पुढचे चार दिवस टिकली.

दोन थर चिकटवायच्या आधी मागच्या थराला चिरा पाडून त्यातून कापडी पट्टे ओवून घ्यायचे. एक पट्टा कोपराखाली आडवा हात घालायला, दुसरा मुठीत धरायला. पट्ट्यांच्या गाठी दोन थरांच्या मध्ये गडप होतात आणि सिंहाचे डोळे शाबूत राहतात. मग खळ. मैद्याची खळ मला आवडते, कारण ती सावकाश वाळते आणि तोवर चूक सुधारता येते. मात्र ती पातळ झाली तर पुठ्ठा पाणी पितो आणि रात्रीतून पापडासारखा वळतो. वर पुस्तकांचा गठ्ठा ठेवून रात्रभर दाबायचं. दुसरी मेख अशी, की फक्त पुढची बाजू रंगवली तरी ढाल वाकडी होते. ओला रंग वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. म्हणून मागच्या बाजूलाही कागद डकवायचा, म्हणजे दोन्हीकडून ओढ सारखी. हा मागचा कागद लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पुढच्या बाजूची कथा लांबलचक आहे.

सुरुवातीची काही वर्षं मी सोपा रस्ता धरला होता. ढालीवर रेषा मारायच्या, सहा घरं करायची, ज्याचं त्याला घर वाटून द्यायचं. भांडण नाही, तंटा नाही. वाटणीची ही युक्तीही जुनीच आहे. १२३० साली स्पेनमधली कॅस्टील आणि लेऑन ही राज्यं एकाच राजाच्या हाती आली, तेव्हा त्याच्या ढालीचे चार भाग झाले: दोन घरांत किल्ला, दोन घरांत सिंह, तिरके समोरासमोर. कॅस्टीलचा किल्ला आणि लेऑनचा सिंह, नावातच चित्र. पण एकदा घरं पाडायची सवय लागली की माणूस थांबत नाही. लग्नांतून वारसा आला, वारशाबरोबर आणखी घरं आली. इंग्लंडमध्ये स्टो इथल्या एका सरदार घराण्याच्या चिन्हात तर ७१९ घरं आहेत. सातशे एकोणीस! ती ढाल कसली, ते मधमाश्यांचं पोळं झालं.

आमची सहा घरांची ढाल दिसायला वाईट नसायची. पण मी मुलांकडे पाहत असायचे. सहा डोकी ढालीवर वाकलेली, प्रत्येकाचा डावा हात आपल्या घराभोवती कुंपणासारखा आडवा. शेजारच्या घराचा रंग ओघळून आपल्यात आला तर तेवढ्यापुरतं बोलणं, तेही आरडाओरड्याचं. काम संपल्यावर प्रत्येक जण पालकांना बोट ठेवून सांगणार, ‘हे माझं.’ उरलेल्या पाच घरांबद्दल कोणाला काही सांगायचं नसे.

एका वर्षी मी रेषा मारल्याच नाहीत. गटाला सांगितलं, ढालीवर एकच चिन्ह, आणि ते वीस पावलांवरून ओळखता आलं पाहिजे.

वीस पावलांची अट मी हवेतून काढली नव्हती. युरोपात बाराव्या शतकात ढालींवर ठरावीक चिन्हं रंगवायची पद्धत रुजली, ती लांबून ओळख पटावी म्हणून. लोखंडी टोपाखाली चेहरा दिसत नाही. फ्रान्समधल्या बायो गावच्या सुमारे सत्तर मीटर लांबीच्या जुन्या भरतकामात इंग्लंडमधल्या १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईचं चित्र आहे. त्यात नॉर्मन सेनापती विल्यम मारला गेल्याची आवई उठते, आणि तो घोड्यावर मागे वळून टोप वर करतो, आपला चेहरा आपल्याच सैनिकांना दाखवायला. ऐन लढाईत. मुलांना ही गोष्ट फार आवडते, विशेषतः सेनापतीची झालेली पंचाईत. पुढे चिन्हं आली आणि चेहरा दाखवायची गरज राहिली नाही. त्याचबरोबर रंगांचा एक सुटसुटीत नियमही आला: सोनेरी आणि रुपेरी, म्हणजे पिवळा आणि पांढरा, हे ‘धातू’, लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे ‘रंग’. धातूवर धातू चढवायचा नाही, रंगावर रंग चढवायचा नाही. पिवळ्यावर लाल चालेल, निळ्यावर काळा नाही. कारण इतकंच, की लांबून दिसत नाही. मोडलाय हाही नियम लोकांनी. जेरुसलेमच्या राज्याच्या ढालीवर रुपेरीवर सोनेरी क्रूस आहेत. पण तो अपवाद म्हणूनच गाजला.

नियम सांगून मुलांना पटत नाही हे उघड आहे. म्हणून मी सगळ्यांना आपापलं चिन्ह एकेका वहीच्या पानावर रंगवायला लावलं आणि सहा पानं भिंतीवर ओळीनं चिकटवली. मग वीस पावलं मोजत मागे.

रॉकेट: काळ्या आकाशात गडद निळं. वीस पावलांवरून नुसतं काळं पान. रॉकेटवाल्यानं डोळे बारीक केले, डोकं तिरपं केलं आणि शेवटी म्हणाला, ‘अंधारात उडतंय ना, म्हणून.’ मांजरीला सतरा मिश्या होत्या, प्रत्येक मिशी स्केचपेननं. लांबून मांजरही नाही नि मिश्याही नाहीत, राखाडी ढग. वाघ बऱ्यापैकी दिसत होता, पण तो वाघ आहे की भोपळा यावर मतभेद झाले. फुटबॉल दिसला. डायनोसॉर हिरवा आणि त्याच्यामागचं जंगलही हिरवं. झाड चक्क छान दिसत होतं. झाडवाली मात्र गप्पच होती. ती गटातली सगळ्यात धाकटी, आणि जिंकल्यावर काय करायचं असतं हे तिला ठाऊक नव्हतं.

‘मग झाड,’ मी म्हटलं, आणि तिथेच चुकले. पाच जण एकदम उसळले. झाड तिचं आहे, आमचं नाही.

बरोबर होतं त्यांचं. मी तोंड मिटून बसायचं ठरवलं. हे मला भयंकर जड जातं.

मग संकर सुरू झाला. वाघाचं तोंड, मांजरीचं शेपूट, डायनोसॉरची पाठ, पायात फुटबॉल आणि पाठीवर रॉकेट बांधलेलं. सिंहाचं धड आणि गरुडाचं डोकं जोडून झालेला ग्रिफिन ढालींवर शतकानुशतकं मिरवतोय, तेव्हा कल्पना काही कमी प्रतीची नव्हती. पण ग्रिफिन दोघांचाच आहे. आमचा प्राणी सहा जणांचा. वीस पावलांवरून त्याला काय म्हणायचं हे कोणालाच सांगता येईना. शेवटी मांजरवालीनंच जाहीर केलं की ही सांडलेली खिचडी आहे, आणि तिसऱ्या दिवसाचा तास संपला.

चौथ्या दिवशी कात्री निघाली. झालं असं, की त्या गटाच्या डब्यात कात्र्या तीन होत्या, पण धार फक्त एकीला. लाल मुठीची, मोठी. पहिल्या दिवसापासून ‘लाल कात्री कुठंय’, ‘लाल कात्री आधी मी मागितली होती’, ‘ताई, हा लाल कात्री सोडत नाही’ हा जप चालू होता. मी हैराण होऊन नियम केला होता की कात्री मागायची असेल तर टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या वाटोळ्या पिवळ्या कागदावर ती परत ठेवलेली असली पाहिजे. हातातून हिसकायची नाही. त्या सकाळी सगळे जण गाल फुगवून बसलेले, कोणी काही बोलत नाही, आणि मधोमध पिवळ्या वर्तुळावर लाल कात्री, तोंड उघडं टाकून. फुटबॉलवाला कंटाळून उठला, पाय मोकळे करत दाराशी गेला, मागे वळला आणि तिथूनच ओरडला, ‘ताई! इथून पण दिसतीये!’

पिवळ्यावर लाल. धातूवर रंग. उघडी कात्री म्हणजे एक मोठी फुली, वर दोन वाटोळे कान. याहून सोपी आकृती मी शोधूनही दिली नसती. पूर्वीच्या कारागिरांच्या संघांनीही आपापल्या ढालींवर कामाची हत्यारंच रंगवली होती. पण ते मी त्यांना नंतर सांगितलं. त्या क्षणी मध्ये तोंड घातलं असतं तर कात्री माझी झाली असती.

त्या दिवसापासून तो कात्री गट. घोषवाक्यासाठीही झटापट झाली, पण अर्ध्याच तासाची. ‘आम्ही कधी दमत नाही’ असं वाघवाल्यानं सुचवलं. धाकटी म्हणाली, ‘मी दमते.’ ते बारगळलं. शेवटी ढालीच्या खालच्या टोकाशी लाल अक्षरांत आलं: ‘आधी भांडू, मग ठरवू.’ शुद्धलेखन त्यांचंच, ‘भांडू’चा उकार पहिल्यांदा ऱ्हस्व होता, तो रॉकेटवाल्यानं हट्टानं दीर्घ करवून घेतला. कडेला सुतळी चिकटवून वर चंदेरी कागद बोटानं दाबत नेला. सुतळीचा पीळ कागदातून उठून आला आणि पुठ्ठ्याला धातूची कड आली.

‘पण ही खरी ढाल नाहीये ना?’ डायनोसॉरवाल्यानं विचारलं. त्याला लढाईत टिकेल का, असं विचारायचं होतं. टिकणार नाही, मी म्हटलं. पण लंडनला टेम्स नदीत १८५७ मध्ये एक ढाल सापडली, बॅटरसीची ढाल म्हणतात तिला. दोन हजार वर्षांपेक्षा जुनी, काशाच्या पत्र्याची, लाल काचेच्या टिकल्या बसवलेली. ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिचा पत्रा इतका पातळ आहे की लढाईत तीही टिकली नसती. मिरवण्यासाठी केलेली असणार. तो विचार करून म्हणाला, ‘म्हणजे तीही आपल्यासारखीच.’

मराठीत तर ही भानगड आधीच मिटलेली आहे. जुन्या भाषेत ढाल म्हणजे नुसतं वार अडवायचं साधन नव्हे. फौजेचं सगळ्यात मोठं निशाणही ढालच. जिच्याकडे पाहून फौजेनं चालायचं, जिथे ती रोवली जाईल तिथे तळ टाकायचा. ढालकाठी तिचीच. आणि ती वाहणारा हत्ती तो ढालगज. पुढे हा शब्द कोणाला भीक न घालणाऱ्या दांडग्या बाईला चिकटला. माझी आजी मला लहानपणी ढालगज म्हणायची तेव्हा मी चिडायचे. आपल्याला निशाणाचा हत्ती म्हणताहेत हे कळलं असतं तर मिरवलं असतं.

आता उरलेली पानं. रॉकेट, मांजर, वाघ, फुटबॉल, डायनोसॉर, झाड अजून भिंतीवरच होती. कात्री सगळ्यांना आवडली होती, तरी भिंतीकडे पाहताना प्रत्येकाचा चेहरा जरासा पडायचा. चिन्ह एक ठरलं म्हणजे पाच-सहा गोष्टी गेल्या. मोठी माणसं हे बैठकीत रोज करतात आणि गेलेल्या गोष्टींकडे बघतही नाहीत. मुलं बघतात. मला काही सुचत नव्हतं. मांजरवालीनं आपलं पान भिंतीवरून काढलं, सतरा मिश्यांसकट, आणि ढाल उलटी करून मागच्या कोऱ्या कागदावर ठेवून पाहिलं. मुठीच्या अगदी शेजारी.

‘इथून वीस पावलं नाहीत,’ ती म्हणाली. ‘इथून एवढंसंच आहे.’ आणि तिनं ढाल धरून दाखवली. खरंच, ढाल धरणाऱ्याच्या नाकापासून ते चित्र वीतभर अंतरावर होतं. सतराच्या सतरा मिश्या मोजता येत होत्या.

सहाही पानं मागे गेली. काळ्या आकाशातलं निळं रॉकेटसुद्धा जवळून झकास दिसत होतं. त्याला खिडक्या होत्या आणि प्रत्येक खिडकीत एकेक माणूस, हे तोवर आमच्यापैकी कोणी पाहिलंच नव्हतं.

पाचव्या दिवशी अंगणात ढाल धरून उभं राहायचं असतं. ढाल एक, पोरं सहा. मी त्यांना मँटिनियाच्या लढाईतली गंमत सांगितली. इसवी सनापूर्वी ४१८ मध्ये ग्रीसमध्ये झालेल्या त्या लढाईबद्दल ग्रीक इतिहासकार थुसिडिडीजनं लिहून ठेवलंय, की सैन्याच्या रांगा चालता चालता उजवीकडे सरकत जातात. कारण ढाल डाव्या हातात असते, आपली उजवी बाजू उघडी पडते, आणि प्रत्येक जण भीतीनं उजवीकडच्या शेजाऱ्याच्या ढालीला बिलगत जातो. म्हणजे माझ्या ढालीचा डावा भाग माझ्या डावीकडच्या माणसाच्या कामाचा. ‘अर्धी ढाल त्याची?’ वाघवाल्याला हे अन्यायाचं वाटलं. मग त्यांनी करून पाहिलं. वाघवाल्यानं ढाल धरली, डावीकडे झाडवाली, तिच्या डावीकडे आणखी कोणी, मागे बाकीचे. सगळे एकमेकांना रेटत, खिदळत, आणि ती सहा जणांची रांग हळूहळू, कोणी न ठरवता, उजवीकडे सरकत कुंपणाला जाऊन टेकली. थुसिडिडीजला इतका चटकन दुजोरा क्वचितच मिळाला असेल.

मग व्हायचं तेच झालं. ढाल घरी कोण नेणार? आतापर्यंत ही अडचण मी स्वतःच ढाल ठेवून घेऊन सोडवत आले होते. माझ्या कपाटावर सहा घरांच्या तसल्या चार ढाली धूळ खात पडल्यात. या वेळी फुटबॉलवाला म्हणाला, ‘शाळेत फिरती ढाल असते तशी करू.’ मोठ्यांच्या स्पर्धांत जिंकणाऱ्याकडे वर्षभर राहणारी, लाकडावर पितळी पत्रा ठोकलेली ढाल त्याच्या डोळ्यांसमोर होती. पण इथे जिंकलं कोणीच नव्हतं. तरी नाव तेच राहिलं. मागच्या बाजूला, मुठीखाली, पेन्सिलीनं यादी लिहिली गेली: प्रत्येकाकडे पंधरा दिवस. सहावं नाव लिहून झाल्यावर धाकटीनं पेन्सिल घेतली आणि सातव्या ओळीत लिहिलं, ‘ताई’.

बारा आठवडे मी विसरूनही गेले होते. मग एका संध्याकाळी दारात रॉकेटवाला, काखेत ढाल. चंदेरी कड दोन ठिकाणी उचकटलेली. कात्रीचा एक कान पुन्हा रंगवलेला, जरा वेगळ्या लाल रंगात. त्यावर पाणी सांडलं होतं म्हणे, कोणाच्या घरी ते सांगायचं नाही असं ठरलंय. मुठीचा पट्टा तुटला होता, तिथे बुटाची नाडी. मागची बाजू मात्र ओळखू येईना. मांजरीच्या बाजूला एक पिल्लू आलं होतं, दुसऱ्या कोणाच्या तरी हातचं. झाडाला पाखरं. डायनोसॉरच्या पायाशी फुटबॉल. रॉकेटच्या खिडक्यांत आता सहा माणसं होती आणि एका खिडकीला चष्मा. चष्मा त्यांच्यात कोणालाच नाही, मला आहे.

माझ्या पंधरा दिवसांत मी फारसं काही केलं नाही. उचकटलेली कड खळ लावून बसवली, नाडीची गाठ घट्ट केली. चित्र काढायचं धाडस होईना. परवा मांजरवालीचा फोन आला: ताई, तुमचे दिवस गुरुवारीच संपले, आज शनिवार आहे.